रिद्धपूरची साक्ष

तेल्हाऱ्याच्या आसपास इतिहासाच्या अभ्यासकाला दाखविण्यासारखीं दोन स्थळें आहेत, असें सांगण्याचा प्रघात आहे. एक, अकोटच्या वाटेवरील अडगांव. येथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं जनरल वेलस्ली यानें नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, आणि महिना उलटण्यापूर्वीं देवगांवच्या तहानें वऱ्हाडचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. दुसरें स्थळ सातपुड्याच्या माथ्यावरील नरनाळा. तेथील महाकाली दरवाजा १४८७ सालचा. त्यावर अरबी अक्षरें आहेत आणि कमळेंही आहेत. दोन्ही स्थळें पाहण्याजोगीं आहेत, यांत शंका नाहीं. परंतु दोहोंचाही एक दोष आहे. त्यांना जें सांगावयाचें होतें तेंच तीं सांगतात. दरवाजा सत्तेविषयीं बोलतो, सेनापतीचे खलिते विजयाविषयीं बोलतात. त्या दिवशीं अडगांवच्या बायकांनीं भाकरी कोठें थापल्या व पोरें कोठें लपविलीं, याचा उल्लेख खलित्यांत असण्याचें कारणच नव्हतें.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें असें. गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्यांकडे तेल्हाऱ्यास चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांची पुतणी पदवीच्या वर्गांत मराठी व इतिहास हे विषय घेऊन शिकते. घरांत व्यापार कापसाचा व सरकीचा. त्यामुळें ह्या विषयांचा उपयोग काय, हा प्रश्न जेवणाच्या पंक्तीला रोज वाढला जात असे. स्नेह्यांचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच, कीं मनुष्य ओळखावयाचा असेल तर आठवडी बाजारांत बसावें, त्याला पुस्तकें कशाला? हें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. बाजारांत तीस वर्षें बसलेल्या माणसाला मनुष्यस्वभावाची जी पारख असते, ती पुष्कळ प्राध्यापकांना नसते. मात्र बाजारांत भेटतीं तीं जिवंत माणसें. सातशें वर्षांपूर्वींचें माणूस बाजारास येत नाहीं. त्याला गांठावयाचें तर त्यानें मागें ठेवलेल्या वस्तूकडेच गेलें पाहिजे, आणि ती वस्तु घासाघीस केल्यावांचून बोलत नाहीं. मानव्यविद्या म्हणून ज्या म्हणतात त्यांचें सगळें कौशल्य ह्या घासाघिशींत आहे.

ती मुलगी त्या दिवसांत गोविंदप्रभूंचें चरित्र वाचीत होती. गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ हे श्रीचक्रधरांचे गुरु. तेराव्या शतकांत ते अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरीं राहात. त्यांचें चरित्र म्हाइंभटांच्या नांवावर आहे, आणि चक्रधरांचें 'लीळाचरित्र'ही त्यांचेंच. हे दोन्ही ग्रंथ मराठी गद्याच्या अगदीं आरंभींचे, हें शाळेंतल्या मुलांनाही पाठ असतें. पाठ नसतें तें हें, कीं ते वाचावयाचे कसे.

आमच्याकडे असले ग्रंथ वाचण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. प्रबंधांतून 'तत्कालीन समाजदर्शन' नांवाचें एक प्रकरण असतें. त्यांत ग्रंथांतलीं भांडीं एका यादींत, वस्त्रें दुसऱ्या यादींत, खाद्यपदार्थ तिसऱ्या यादींत, दाम व आसू हीं नाणीं चौथ्या यादींत घातलीं, कीं समाजाचें दर्शन घडलें! अशा याद्या निरुपयोगी आहेत असें मी म्हणत नाहीं. कोशकाराला त्या हव्यातच. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) अशा कष्टांवांचून झाला नसता. परंतु यादी करून थांबणाऱ्यानें ग्रंथाला माळ्यावरची अडगळ समजून त्यांतलीं भांडीं तेवढीं उचललीं, असें होतें. भांडें कळतें, तें कोणीं कोणापुढें ठेवलें आणि ठेवतांना कोणाचा हात कापला, हें कळत नाहीं.

गोविंदप्रभु मनांत येईल त्या घरांत शिरत. तेथें मिळेल तें खात, लहान मुलांत खेळत, देवळांतल्या मूर्तींशीं बोलत, रागावले कीं शिव्या देत. ब्राह्मणाचें घर आणि महारामांगाचें घर असा भेद त्यांच्या पावलांना ठाऊक नव्हता, आणि त्यामुळें गांवांत कुरबूर होई. कोणी त्यांना वेडा म्हणत, कोणी ईश्वर म्हणत, आणि पुष्कळजण त्यांना आपली आई व आपला बाप म्हणत. यादी करणारा येथें खाद्यपदार्थ टिपील व जातींचीं नांवें टिपील. समीक्षकानें मात्र विचारावें, कीं ह्या घटना घडल्या तेव्हां दाराशीं उभें राहून पाहणारें कोण होतें, आणि तें पुढें म्हाइंभटांना कोणीं सांगितलें?

ह्या प्रश्नाचें उत्तर मराठी वाङ्मयाला ललामभूत आहे. म्हाइंभट हे शास्त्र शिकलेले पंडित. चक्रधरांच्या पश्चात् त्यांनीं आठवणी गोळा करण्याचा उद्योग आरंभिला तो घरीं बसून नव्हे. ज्याला जी लीळा ठाऊक, त्याच्याकडे ते गेले, ऐकलें, नागदेवाचार्यांशीं पडताळून पाहिलें. सांगणारांत बायका पुष्कळ होत्या. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी हरवली, तेव्हां ती पुन्हा उभी राहिली ती ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावर. एका परंपरेला तर हिराइसेचा पाठ असेंच नांव आहे. आठवणी जुळल्या नाहींत तेथें पोथ्यांनीं भेद झांकला नाहीं, तो टिपून ठेवला. आणि भाषेविषयीं नागदेवाचार्यांचा निर्णय 'स्मृतिस्थळां'त नमूद आहे: ग्रंथ संस्कृतांत गेला तर आपल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, म्हणून तो मराठींतच व्हावा. ज्यांच्याकडून ऐकलें त्यांना परत वाचून दाखवितां यावें, ही कसोटी ज्या ग्रंथकारांनीं मानली, त्यांना आमच्या आजच्या कित्येक संशोधकांनीं गुरु करावें अशी त्यांची योग्यता आहे.

येथें एका दूरच्या गांवाची आठवण होते. फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वतांत माँतायू नांवाचें खेडें आहे. म्हाइंभटांच्या नंतर चाळीसएक वर्षांनीं, १३१८ ते १३२५ या काळांत, पामिए येथील बिशप झाक फूर्निए यानें पाखंडाचा संशय असलेल्या तेथल्या लोकांच्या जबान्या घेतल्या. हाच गृहस्थ पुढें पोप झाला. त्या जबान्यांचें दप्तर सुरक्षित राहिलें आणि त्यावरून ल रॉय लादुरी यांनीं १९७५ सालीं त्या खेड्याचें सगळें जीवन उभें केलें. मेंढपाळ काय बोलत, उन्हांत बसून बायका एकमेकांच्या डोक्यांतल्या उवा कशा काढीत, कोणाचें कोणाशीं सूत होतें, सारें त्यांत आहे. ग्रंथ अतिशय वाचनीय आहे आणि त्याची कीर्ति योग्यच आहे. त्यावर रेनातो रोझाल्डो यांनीं १९८६ सालीं जो आक्षेप घेतला तोही तितकाच योग्य आहे. लादुरी यांनीं बिशपाला जणुं खेड्यांत येऊन राहिलेला एखादा जिज्ञासु समजून घेतलें. तो न्यायाधीश होता आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तुरुंग होता, ही गोष्ट पुस्तकाच्या आरंभीं सांगून पुढें विसरली गेली. शिवाय लोक बोलले आपल्या ऑक्सितान बोलींत, आणि दप्तरांत उतरलें तें लॅटिन.

हीं दोन गांवें शेजारीं ठेवून पाहावींत. दोहोंकडे सामान्य माणसें बोलत आहेत, दोहोंकडे एक विद्वान् लिहून घेत आहे. माँतायूची साक्ष भीतीनें निघालेली आहे, रिद्धपूरची प्रीतीनें. माँतायूच्या लोकांना आपलें बोलणें पुन्हा कधीं वाचावयास मिळावें अशी कोणाची इच्छा नव्हती. रिद्धपूरच्या म्हाताऱ्यांसाठीं ग्रंथाची भाषाच ठरविली गेली. माँतायूचें पुस्तक जगभर वाचलें जातें. गोविंदप्रभूंच्या चरित्राचें इंग्रजी भाषांतर फेल्डहाउस बाईंनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. तें ज्यांच्या घरीं आहे अशीं वऱ्हाडांतलीं घरें किती असतील, हें विचारण्याचें धाडस मला होत नाहीं. मूळ मराठी ग्रंथाचीहि स्थिति फारशी निराळी नाहीं.

परंतु प्रीतीची साक्ष म्हणजे खरी साक्ष, असें समजणें हा भाबडेपणा होईल. भीति जशी कांहीं गोष्टी लपविते तशी प्रीतिही लपविते, आणि प्रीतीचें लपविणें ओळखूं येण्यास अधिक कठीण. भक्ताला आपल्या दैवताच्या प्रत्येक कृतींत अर्थ दिसतो. गुंडम राऊळ ज्या घरांत शिरले त्या घरच्या सुनेची शिजवलेली भाजी संपली, तिला सासूनें काय म्हटलें, हें लीळा सांगणाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें नव्हतें. ग्रंथांत गांवची कुरबूर आली आहे ती देखील बहुधा निवारण झालेली कुरबूर म्हणून आली आहे. म्हणून वाचणारानें दोन कामें एकदमच केलीं पाहिजेत: सांगणाऱ्याच्या प्रेमावर विश्वास ठेवावयाचा, आणि त्या प्रेमाला काय दिसलें नसेल तेंही शोधावयाचें. पहिलें काम श्रद्धाळू वाचक करतो, दुसरें चिकित्सक करतो. दोन्ही करणारा वाचक विरळा.

ह्या ग्रंथांच्या वाट्याला जें आलें त्यांतही हाच पेंच आहे. संप्रदायानें पोथ्या जिवापाड जपल्या. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत त्या लिहिल्या. त्या जपणुकीमुळेंच आज वाचावयास कांहीं उरलें आहे, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण त्याच कुलुपामुळें मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारांना हें दालन शतकानुशतकें दिसलेंच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहून त्या दालनाचा नकाशा दिला, पुढें ह. ना. नेने यांनीं 'लीळाचरित्र' छापण्यास आरंभ केला, आणि बुलढाणा जिल्ह्यांतील नरवेलचे वि. भि. कोलते यांनीं १९७८ सालीं त्याची मोठी संपादित आवृत्ति सिद्ध केली. त्या आवृत्तीवर आक्षेपही घेतले गेले. जो ग्रंथ कांहींजणांना पूज्य आहे त्याला प्रश्न विचारतांना जिभेवर संयम हवा, इतकें मला मान्य आहे. प्रश्नच विचारूं नयेत, हें मात्र मान्य नाहीं. खुद्द म्हाइंभटांनीं दारोदार जाऊन प्रश्न विचारले नसते तर पूजेला पोथीच नसती.

'लीळाचरित्रां'त एक गोष्ट आहे, ती प्रत्येक मराठी माणसानें घांस भरवून घेतांना ऐकली आहे. कावळ्याचें घर शेणाचें होतें आणि पावसांत तें वाहून गेलें, ती. तेथें चिमणीच्या जागीं साळई आहे, एवढाच फरक. यादी करणाऱ्याला येथें शेण व मेण ह्या दोन वस्तु मिळतील. मला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. शास्त्रार्थ जाणणाऱ्या पंडितानें आपल्या परमेश्वराच्या चरित्रांत बाळगोपाळांची ही गोष्ट ठेवण्यास कमीपणा मानला नाहीं. ज्या समाजांतले विद्वान् इतके निःसंकोच होते, त्या समाजाविषयीं ह्या एका निवडीनें जें कळतें तें शंभर भांड्यांच्या यादीनें कळावयाचें नाहीं.

एका संध्याकाळीं त्या मुलीनें गोविंदप्रभूंच्या कांहीं लीळा घरांतल्या आजीबाईंना वाचून दाखविल्या. जुनी मराठी त्यांना अडेल अशी माझी समजूत होती. पुष्कळ शब्द अडलेही, पण गांवचे लोक राऊळांना माय म्हणतात तेथें आल्यावर त्या म्हणाल्या, "हे तं आपल्या इकडचेच लोक व्हय वं पोरी!" आणि मग लगेच विचारलें, "एवढं खाऊन गेला तो, त्या बाईनं मंग लेकरायले काय देल्लं?" वर ज्याला मीं चिकित्सा म्हटलें ती हीच. ती करण्यास त्यांना पदवीची गरज पडली नाहीं. स्नेही माझ्याकडे पाहून हंसले. आपला मुद्दा सिद्ध झाला असें त्यांना वाटलें असावें. मला वाटलें, माझा झाला.

दुसऱ्या दिवशीं माळ्यावरून एक जुनें बासन खालीं आलें. त्यांत घराण्याच्या मूळ गांवच्या हिशेबाच्या वह्या होत्या. तें गांव तालुक्याच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत. तेथें विहिरींचें पाणी खारट, आणि गोडें पाणी दुरून आणावें लागे. एका वहींत महिन्याकाठीं पाणक्याला दिलेली मजुरी ओळीनें मांडलेली होती. सरकी, ढेप, व्याज यांच्या रकमांपुढें माणसांचीं नांवें होतीं. ह्या ओळीपुढें नुसतें 'पाणक्या' एवढेंच. ह्या वह्या रद्दींत घालावयाच्या असें ठरलें होतें. मुलीनें त्या ठेवून घेतल्या आणि आजीबाईंना विचारलें, हा पाणक्या कोण? त्यांनीं थोडा वेळ आठवून नांव सांगितलें, त्याच्या बायकोचेंही सांगितलें, आणि तो गाडी कोणत्या वाटेनें आणीत असे तेंही सांगितलें.

मुलगी तें नांव वहीच्या समासांत पेन्सिलीनें लिहूं लागली. जुन्या कागदावर आपण कांहीं लिहूं नये, असें मीं तिला सांगितलें. तिनें तें एका वेगळ्या कागदावर लिहिलें, खालीं सांगणाऱ्याचें नांव व तारीख घातली, आणि कागद त्या पानांत ठेवून वही मिटली.