सेड आणि प्रक्षेप

...तर आता 'सेड'कडे येऊ. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमाहन यांनी 1973-74च्या सुमारास हा प्रोग्राम लिहिला. फाईल ओळीओळीने वाचायची आणि दिलेला नमुना जुळला की त्या ओळीच्या आधी ('आय') किंवा नंतर ('ए') मजकूर घालायचा. शेकडो फाईलींत एकच ओळ घालायची असेल तर याच्याइतकं सोयीचं थोडंच काही आहे, हे मान्यच करू.

माझा आक्षेप 'जुळणे' या शब्दाला आहे. 'पोर्ट' शोधा, 'एक्स्पोर्ट' जुळतो, 'रिपोर्ट' जुळतो, हॅश लावून निकामी केलेली ओळसुद्धा जुळते. सेडला अक्षरं दिसतात, अर्थ नाही. ओळीचा आरंभ कॅरटने, शेवट डॉलरने बांधायचा तो तुम्हीच. त्याहून वाईट म्हणजे, तोच आदेश पुन्हा चालवा, मजकूर पुन्हा घातला जातो! आधीच घातलाय का, हे ग्रेपने तुम्ही बघायचं.

पाठचिकित्सेत अशा भरीला प्रक्षेप म्हणतात. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. तिने प्रक्षेप संहितेतून काढले, पण फेकले नाहीत. तळटिपांत, परिशिष्टांत ठेवले. सेडचा 'वजा आय' (हा 'आय' वेगळा बरं का) मूळ फाईलच बदलतो, जुन्या पाठाची खूणही उरत नाही. म्हणून आधी त्याच्याशिवाय चालवा, निष्पत्ती डिफने मूळ फाईलशी ताडून बघा. ग्नू सेडमध्ये त्याला 'डॉट बॅक' जोडलं तर जुनी प्रत राहते, पण ते ऐच्छिक आहे. मॅकवरच्या सेडला मात्र प्रत्यय द्यावाच लागतो, रिकामा का होईना. ही सक्ती मला पटते.