फाळक्यांच्या घरातली उमेद

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात हलाखी पुष्कळ आहे, हळहळ मात्र नाही. छापखान्याच्या धंद्यात भागीदाराशी बिनसतं, पदरी मुलंबाळं, आणि अशातच तंबूतली हलती चित्रं पाहून दादासाहेब फाळके झपाटून जातात. घरातलं सामान विकलं जातं, दृष्टी अधू होते, उपचारांनी परत येते. यातल्या कुठल्याही वळणावर प्रेक्षकाला रडवणं सोपं होतं. मोकाशी ते कटाक्षानं टाळतात. कॅमेरा बहुतेक वेळा समोर, स्थिर. चौकटीत माणसांचीच लगबग, मूकपटातल्यासारखी. आनंद मोडक यांचं संगीत त्या लगबगीला ठेका देतं.

नंदू माधव यांचे फाळके दात-ओठ खाऊन संकटाशी झुंजत नाहीत. पुढं काय होतं, हे बघण्याची घाई त्यांच्या चालण्यात आणि डोळ्यांत असते. चिकाटीचं हे दर्शन मला फार खरं वाटतं. ज्याला कामाचीच गोडी लागली, त्याला उसनं बळ आणावं लागत नाही.

वाटाण्याच्या रोपाचीच गोष्ट घ्या. १९१२ साली फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि रोप वाढेल तसतसं, महिनाभर, थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवून वर चढतं. भांडवल द्यायला माणूस तयार झाला तो हे बघून. एवढासा तुकडा, पण त्यामागं रोज उठून त्याच कुंडीसमोर उभं राहणं आहे.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! कोऱ्या फिल्मला तेव्हा कडेची छिद्रंही घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते त्यांनी केलं, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. विभावरी देशपांडे यांनी ही भूमिका समजून, हसऱ्या चेहऱ्यानं केली आहे. तरी या बाईचा थकवा एखाद्या क्षणापुरता दिसायला हवा होता, असं मला वाटतं. दिग्दर्शकाचा प्रसन्न सूर इथं थोडा जास्त ताणला गेला आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच्या श्रेयात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा आहे. मोकाशींचा चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा फाळक्यांइतकंच त्यांच्याकडेही लक्ष असू द्या.