दान आणि पात्र : ब्रह्मदेशी ‘ह्सुन-ओक’चे कलामूल्य

प्रास्ताविक :
ब्रह्मदेशातील (म्यानमार) ‘ह्सुन-ओक’ हे भिक्षूंना अर्पण करावयाचे अन्न विहारात नेण्याचे झाकणयुक्त पात्र होय. कलाभ्यासात त्याची गणना बहुधा शोभिवंत वस्तूंत होते. हे वर्गीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

घडण :
प्रथम एक शब्दभ्रम दूर करणे आवश्यक आहे. सावंतवाडीच्या लाखकामाशी परिचित असलेला मराठी वाचक या पात्रावरील लेपालाही ‘लाख’च म्हणेल. परंतु लाख कीटकजन्य आहे. ब्रह्मदेशी ‘थिट्सी’ हा वृक्षाचा चीक आहे. बांबूच्या सांगाड्यावर त्याचे थर एकामागून एक चढवितात. हा चीक उन्हाने नव्हे, तर दमट हवेत घट्ट होतो. म्हणून प्रत्येक थर दिल्यावर पात्र तळघरात ठेवतात. उत्तम पात्र सिद्ध होण्यास कित्येक महिने लागतात. मंडालेच्या पात्रांवर चीक व राख यांच्या लगद्याने उठावाची नक्षी काढून, काचा जडवून सोन्याचा वर्ख लावलेला आढळतो.

चिकित्सा :
निमुळत्या, शिखरयुक्त झाकणामुळे हे पात्र स्तूपासारखे दिसते. हे साम्य केवळ अलंकरण नव्हे. स्तूपाच्या गर्भात पवित्र अवशेष असतात, येथे अन्न असते. त्या आकारामुळे रोजच्या अन्नालाही पूज्यता येते. अर्थात, सोनेरी झळाळीतून दात्याची प्रतिष्ठाही मिरविली जाते, हे नाकारता येत नाही. भक्ती आणि मिरवणे यांचा हा ताण पात्राच्या सौंदर्याचाच भाग आहे.

ब्रिटिश म्युझियमने २००० साली या लेपकलेचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले व अभ्यासाला चालना दिली. तथापि काचेच्या कपाटातील पात्र रिकामे असते. तेथे कौशल्य दिसते, कृती दिसत नाही. बागान येथे १९२४ साली या कलेची शाळा स्थापन झाली. पुढे तेथील कारागिरी पर्यटकांच्या खरेदीवर बरीच विसंबली आणि २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर तो आधारही खचला.

निष्कर्ष :
मराठीत ‘पात्र’ म्हणजे भांडे, तसेच दान घेण्यास योग्य व्यक्तीही. ह्सुन-ओकचे मूल्यमापन या दोन्ही अर्थांना धरून व्हावयास हवे. घेणारा भिक्षू आणि देणारे कुटुंब वगळून केलेली समीक्षा झाकणाची नक्षी वाचते. पात्र तिच्या हाती लागत नाही.