फाळके, पाटल्या आणि शेवटची लोकल

लोणावळेकर माणूस दोनच गोष्टींवर हक्क सांगतो : चिक्की आणि पाऊस. मी तिसरीही सांगतो, ती म्हणजे भारतीय सिनेमा! हसू नका. सिनेमाच्या नादी लागण्यापूर्वी दादासाहेब फाळके आमच्या लोणावळ्यात छापखाना चालवीत होते. शेजारी मळवलीला राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना; त्याचं कामही ते करीत. पुढे फाळक्यांनी आपला छापखाना मुंबईला नेला, मळवलीचा १९७२ साली आगीत गेला, आणि आम्हांला उरली ती चिक्की.

तेव्हा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पुण्यात लागला, त्या वेळी आम्ही उभयता घरच्या कार्याला निघाल्यासारखे लोकलमध्ये बसलो.

मी मात्र टीकाकाराच्या तयारीनं गेलो होतो. पहिला अर्धा तास ती तयारी टिकलीसुद्धा. नंदू माधव यांचे फाळके सदा हसतमुख. घरातलं सामान विकलं जातंय, डोळे जायची वेळ आलीय, तारामतीच्या कामाला बाई मिळत नाही आणि पुरुष मिशी काढायला तयार नाहीत. पण मंडळी अशी खुशीत, की जणू कार्ल्याला सहलीला आलीत! मी हिच्या कानात म्हटलं, “दारिद्र्य इतकं गोड नसतं.”

“गप बसा,” ही म्हणाली.

गप बसलो, म्हणून विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई नीट दिसल्या. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, ती धुतली आणि वर सगळ्या नटमंडळींना जेवू घातलं, हा इतिहासच आहे. सिनेमात नवराबायको झाडामागं गाणं म्हणत नाहीत, की प्रेमाचा शब्द काढीत नाहीत. आपल्याकडे याला प्रेमकथा म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

आणि हा सिनेमा संपतो कुठं, तर यशाच्या ऐन भरात. बोलपटांनी फाळक्यांना मागं टाकलं, १९४४ साली नाशिकला ते गेले तेव्हा त्यांचं वैभव ओसरून गेलं होतं, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पुरता शिल्लकही नाही, यातलं काहीच पडद्यावर येत नाही. पडद्यावरचे फाळके हसतात, कारण त्यांना हे ठाऊक नसतं. आपल्याला असतं. रडायचं काम दिग्दर्शकानं प्रेक्षकांकडे सोपवलंय! तेव्हा गोडव्याबद्दलची माझी तक्रार मी बिनशर्त मागे घेतो.

परत येताना शेवटची लोकल. मळवली सुटल्यावर ही एकदम म्हणाली, “फाळक्यांनी सिनेमा तरी काढला.”

इथं खुलासा करणं भाग आहे. तरुणपणी मी एक मासिक काढलं होतं, हिच्या पाटल्या विकून. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ही खळ घेऊन पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवायची. एकूण तीन अंक निघाले.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर मिट्ट काळोख होता, तरी पाहत राहिलो.

“माळ्यावर आहेत तिन्ही,” ही म्हणाली. “वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला ऊन दाखवते.”

जरा वेळानं तिनं विचारलं, “डोळ्यांत काय गेलं?”

“कोळसा,” मी म्हटलं.

“अहो, विजेची गाडी आहे ही!”