केऑस, 'आर्केडिया' आणि आकलनाचा प्रश्न

'केऑस' या संज्ञेसाठी 'अनागोंदी' हा प्रतिशब्द योजला, की तिच्यातील मुख्य विचार हातून निसटतो. अनागोंदीत नियमाचा अभाव असतो; केऑस सिद्धान्ताचा विषय असलेल्या व्यवस्थांमध्ये नियम क्षणभरही सुटत नाही. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मधील निबंधात प्राणिसंख्येच्या चढउताराचे एक साधे समीकरण तपासले होते. या वर्षीची संख्या समीकरणात घालावी आणि येणारे उत्तर पुढच्या वर्षासाठी पुन्हा त्याच समीकरणात घालावे, एवढीच त्यातील कृती. वाढीचा गुणक १ ते ३ यांदरम्यान असताना संख्या एका मूल्यावर स्थिरावते, ३ ओलांडल्यावर ती दोन, मग चार, मग आठ मूल्यांत फिरू लागते, सुमारे ३.५७ नंतर आवर्तन दिसेनासे होते, आणि ३.८३ च्या आसपास त्या अनियमिततेतच तीन मूल्यांचे नियमित आवर्तन पुन्हा प्रकटते.

अव्यवस्थेत व्यवस्था आहे काय, या प्रश्नाला गणिताने दिलेले उत्तर असे होकारार्थी आहे. परंतु नियम ज्ञात असणे आणि भविष्य ज्ञात असणे या भिन्न गोष्टी होत. १९६१ मध्ये हवामानाच्या गणिती प्रतिरूपावर काम करताना एडवर्ड लोरेंझ यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला. समीकरणे तीच होती. तरीही काही काळानंतरचे हवामान पहिल्याहून सर्वस्वी वेगळे निघाले. आकलन आणि भाकीत यांची येथे झालेली फारकत हीच या सिद्धान्ताची तात्त्विक फलश्रुती मानावी लागेल.

साहित्यविचाराने नेमकी हीच फारकत फारशी मनावर घेतली नाही. कॅथरीन हेल्स यांच्या 'केऑस बाउंड' (१९९०) या ग्रंथाने विज्ञान आणि उत्तरसंरचनावाद यांतील समांतर रेषा विचारपूर्वक आखल्या. पण पुढे अनेकांच्या हाती 'केऑस' हे अर्थाच्या अनिर्बंधतेचे नुसते बिरुद झाले. ॲलन सोकल यांचा हेतुपुरस्सर निरर्थक निबंध १९९६ मध्ये 'सोशल टेक्स्ट'ने छापला, तेव्हा अशा उसनवारीचे पितळ उघडे पडले.

टॉम स्टॉपर्ड यांचे 'आर्केडिया' (१९९३) हे नाटक या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. एकाच वाड्यात १८०९ व १८१२ आणि आपला काळ असे प्रवेश आलटून पालटून घडतात. त्यामुळे नाटकाची रचनाच 'केऑटिक' आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. नाटककाराने शेवटपर्यंत योजून ठेवलेली रचना आणि स्वतःचेच उत्तर गिळत पुढे सरकणारे समीकरण यांत साम्य असले, तर ते दिसण्यापुरते आहे. नाटकाचा सिद्धान्ताशी असलेला खरा संबंध त्यातील संशोधकांच्या व्यवहारात शोधावा लागतो.

थॉमसिना या मुलीजवळ नियम आहे, पण तो हजारो वेळा राबवण्याचे साधन नाही. तिच्या मृत्यूनंतर तिचा शिक्षक सेप्टिमस आयुष्यभर कागदावर तेच गणित करत राहतो. आजच्या काळातील व्हॅलेंटाइनची अडचण उलटी आहे. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीच्या जुन्या नोंदी त्याच्यापुढे आहेत. त्यांमागचा नियम त्याला हवा आहे. आकड्यांत बाह्य कारणांचा गोंगाट इतका मिसळलेला आहे, की अखेर तो हा नाद सोडतो. नियमाकडून आकृतीकडे जाणारी वाट सरळ असते. आकृतीकडून नियमाकडे परतणारी वाट तशी नसते.

समीक्षक नेहमी या दुसऱ्या वाटेवर असतो. बर्नार्ड हा अभ्यासक ते विसरतो. काही चिठ्ठ्यांच्या आधारे, बायरनने चेटर या कवीला द्वंद्वात मारले, असे तो जाहीर करतो. डेलियाच्या फुलाविषयीची एक क्षुल्लक नोंद हा इमला कोसळवते : चेटर मार्टिनिकमध्ये माकडाच्या चाव्याने मेलेला असतो. बर्नार्डची कथा सुसंगत होती, हीच तिची अडचण होती. थोड्या पुराव्यातून सुसंगत कथा अनेक निघू शकतात.

मग जटिल व्यवस्थांचे आकलन अशक्य ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. डेलियाची नोंद नेमके काय घडले ते सगळे सांगत नाही. काय घडलेले असू शकत नाही, हे ती निश्चित सांगते. ग्रंथव्यवहारातील निश्चिती बहुधा याच जातीची असते. मात्र एक भेद जपावा लागेल. सेप्टिमस बायरनचे पत्र न वाचताच जाळतो. ही हानी उष्णतेसारखी अपरिवर्तनीय आहे. केऑसमधील अनिश्चिती आपल्या मोजमापाच्या मर्यादेतून येते. जळालेल्या पत्राचे मोजमापच उरत नाही. या दोहोंना एकाच 'अनिश्चितता' या नावाखाली गोळा करणारी समीक्षा विज्ञान आणि नाटक दोन्ही ढोबळ करते.

केऑस सिद्धान्ताकडून समीक्षेने घ्यावयाचे ते रूपक नसून दाव्याचे प्रमाण होय. संहितेतील व्यवस्था दाखवता येते, तिच्या शक्यता आखता येतात आणि चुकीचे अन्वयार्थ बाद करता येतात. यापलीकडचा दावा करणाऱ्याने डेलियाच्या नोंदीची वाट पाहावी.