दाम्मे गांवचें स्थलमाहात्म्य व इतिहास

फ्लँडर्समधील ब्रुज नगराच्या ईशान्येस सुमारें दोन कोसांवर दाम्मे नांवाचें लहानसें गांव आहे. शार्ल द कोस्तेर याच्या १८६७ सालच्या फ्रेंच ग्रंथानें तें सर्वश्रुत केलें. ग्रंथाचा नायक उलेनस्पीगेल दाम्मे येथें, स्पेनचा दुसरा फिलिप जन्मला त्याच सुमारास, म्हणजे १५२७ च्या आसपास, जन्मल्याचें त्यांत वर्णन आहे. काव्यदृष्ट्या ग्रंथ थोर होय. स्पॅनिश अंमलाखालील प्रजेचें दुःख त्यांत जिवंत झालें आहे. परंतु गांवच्या इतिहासाचें साधन म्हणून तो पुढें येऊं लागला, म्हणजे परीक्षण अवश्य होतें.

उलेनस्पीगेलची जर्मन कथा १५१५ सालीं स्ट्रासबुर्ग येथें छापलेली उपलब्ध आहे. तींत त्याचा जन्म क्नाइटलिंगेन येथें व मृत्यु १३५० सालीं म्यॉल्न येथें सांगितला आहे. ज्याची मरणकथा १५१५ सालीं छापून झाली, तो १५२७ सालीं कसा जन्मावा? अर्थात् दाम्मेचा हा सुपुत्र कविनिर्मित होय. १८३० सालीं स्वतंत्र झालेल्या बेल्जमचें मन जाणण्यास हा ग्रंथ उत्तम प्रमाण आहे; सोळाव्या शतकांतील दाम्मेविषयीं नव्हे.

त्या गांवाचें खरें दप्तर तेथील भूमि आहे. झ्विन खाडीवरील बांधावरून त्यास नांव मिळालें. ११८० सालीं आल्सासच्या फिलिपनें त्यास नगराचे अधिकार दिले. १२१३ सालीं इंग्रजांनीं फ्रेंच आरमार येथेंच उद्ध्वस्त केलें. १४६८ सालीं बर्गंडीचा चार्ल्स व यॉर्कची मार्गारेट यांचा विवाह येथें झाला. पुढें खाडी गाळानें भरली व बंदर बुडालें. नेपोलियनच्या आज्ञेनें खोदलेला कालवा जुन्या तटबंदीस छेदून आजहि सरळ जातो.

याच गांवीं तेराव्या शतकांत याकोब व्हान मार्लान्ट राहत होता. फ्रेंच कादंबऱ्यांतील असत्यावर टीका करून त्यानें लोकभाषेंत पद्यमय जगदितिहास रचिला व त्यास ‘इतिहासाचा आरसा’ असें नांव दिलें. ‘उलेनस्पीगेल’ या नांवाच्या उत्तरपदाचा अर्थहि आरसा असाच आहे. कल्पित कथांवर कोरडे ओढणाऱ्या पंडिताचें गांव कल्पित पुरुषाच्या नांवानें ओळखलें जावें, हा दैवदुर्विलास होय. १८६० सालीं चौकांत उभारलेला मार्लान्टचा पुतळा तेवढा साक्षीस आहे.

संग्राहकांनीं दोन्ही आरसे अवश्य जपावे; फडताळें मात्र वेगळीं ठेवावीं.