गुलामाचं कसब आणि मालकाचं पुस्तक

मी समीक्षक नाही. सूतगिरणीत पाळी करतो, उरल्या वेळात वाचतो. पण दिवसभर कापूस नाकातोंडात जातो, म्हणून अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या गुलामांबद्दल कुणी काय लिहिलं, ते मी डोळ्यांत तेल घालून वाचतो.

जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या राज्य शिक्षण मंडळानं काळ्यांच्या इतिहासाचा नवा अभ्यासक्रम मंजूर केला. त्यात मास्तरांना सूचना आहे : गुलामांनी कसबं आत्मसात केली आणि काही वेळा ती त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली, हे शिकवा.

वाक्य खोटं आहे का? नाही. गुलामांत लोहार होते, सुतार होते. पण आफ्रिकेत लोखंड गाळणारे, कापड विणणारे आधीपासून होते, त्याचं काय? माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा. कातडं सोलण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. मग उद्या लिहा की गावानं त्याला धंदा शिकवला! कसब त्याचं होतं. सक्ती गावाची होती. पुस्तकानं कसब ठेवलं आणि सक्ती बारीक केली, की झाला मालक गुरुजी.

याच अभ्यासक्रमात ओकोई आहे. १९२० साली तिथं काळे मतदानाला गेले, म्हणून गोऱ्या जमावानं माणसं मारली, घरं जाळली. ही घटना ‘आफ्रिकन अमेरिकनांवर आणि त्यांच्याकडून झालेला हिंसाचार’ या मथळ्याखाली घातलीय. ‘आणि त्यांच्याकडून’! दोन शब्दांत मारणारा आणि मरणारा एका पंगतीला बसवला.

ही लेखणीची चूक नव्हे दोस्तांनो, हे राजकारण आहे. २०२२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी कायदा केला : आपल्या वंशाच्या लोकांनी पूर्वी केलेल्या कृत्यांबद्दल तुला अपराधी वाटलंच पाहिजे, असं विद्यार्थ्यावर बिंबवायचं नाही. ऐकायला गोड. पण गोऱ्या पोराच्या मनाची काळजी घेणाऱ्यांना काळ्या पोराचं मन दिसलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये हायस्कुलांसाठीचा आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा नवा कोर्स राज्यानं नाकारला, आणि जुलैत हा अभ्यासक्रम आला. आधी कायदा, मग नकार, मग पुस्तक.

आपल्याला यात काय, असं म्हणू नका. त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, २००५-०६ मध्ये काही हिंदू संघटनांनी शाळेच्या पुस्तकांतला जातीचा मजकूर बदला म्हणून अर्ज केले. दलित संघटना आणि इतिहासकार आडवे आले, तेव्हा मंडळानं त्यातल्या बऱ्याच मागण्या फेटाळल्या. म्हणजे आडवं येता येतं. पण त्यासाठी आधी वाचावं लागतं.

म्हणून एक काम करा. वस्तीतल्या पोरांची इतिहासाची पुस्तकं उघडा. जिथं ‘अन्याय झाला’ असं छापलंय तिथं पेन्सिलीनं लिहा : कुणी केला? जिथं उत्तर सापडणार नाही, ती पानं आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात त्यांचीच समीक्षा करू.

जय भीम.